पटावरच्या प्रत्येकाला एक चेंडू

गंगाधर मास्तरांनी भोरहून गुंजवण्याला येताना दोन गोष्टी आणल्या: कातड्याचा एक फुटबॉल आणि त्याच्यावरची भलतीच मोठी भिस्त. शाळेच्या पटावर नावं एकवीस, समोर बसायची पोरं नऊ. माघात तपासणी होती. त्या दिवशी पंधरा मुलं हजर नसली तर शाळा बंद, असा संस्थानचा कागदच आला होता. चेंडू दिसला की पोरं येतील, असा मास्तरांचा हिशेब.

आली. पहिल्या दिवशी एकोणीस आली. आठवड्यानं सात उरली, म्हणजे चेंडू नव्हता तेव्हापेक्षाही दोन कमी.

मास्तरांची पद्धत पुण्याच्या हायस्कुलातली. रांग लावायची, एकेकानं पुढं येऊन लाथ मारायची, नेम चुकला तर कान धरायचे. सहा-सात वर्षांची पोरं ती. त्यांचा निम्मा वेळ रांगेत एकमेकांच्या शेंड्या ओढण्यात जायचा आणि निम्मा कान धरण्यात.

कापलेल्या भाताची बुडखं पायाला टोचतात म्हणून मास्तरांनी सगुणाबाईचं खळं मागितलं. मळणी उरकली होती, सारवलेली जमीन तुळतुळीत होती. म्हातारीनं लगेच हो म्हटलं. तिचा नातू भिमा त्या सातांत होता, आणि मास्तरांची गंमत तिला आता ओसरीवरून बघायला मिळणार होती.

पण मास्तर खळ्यात पाऊल टाकतात तोच ती आडवी आली.

"मास्तर, बूट भाईर."

"अहो सगुणाबाई, बुटाशिवाय फुटबॉल कसा खेळणार?"

"पोरं कशी खेळत्यात? खळ्यावर लक्षुमी उतरती. हितं मामलेदार आला तरी पायताण भाईर."

मास्तरांनी बूट काढले. पोरांना दाखवायला म्हणून दहा पावलं धावत आले आणि चेंडूला सणसणीत लाथ घातली. चेंडू पेंढ्याच्या गंजीवर गेला आणि मास्तर अंगठा धरून खाली बसले.

पोरं हसली नाहीत. भिमा जवळ येऊन वाकला. "लई दुखतंय का, मास्तर? आमालाबी दुखतंय."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमीच म्हनला व्हता, रांगंत बोलायचं न्हाई."

सगुणाबाई मात्र पदराआड हसली. "आन म्या काल बांधावरनं मोजलं. सांज होईस्तवर भिम्याचा पाय चेंडूला पाच येळा लागला. चालाय शिकताना पोराला दिसाला पाचच पावलं टाकू दिली असती, तर अजून रांगत असतं ते."

मास्तरांना राग आला. तो अंगठ्याच्या सुजेबरोबर दोन दिवसांत उतरला. तिसऱ्या दिवशी ते आपणहून ओसरीवर आले आणि जुनी लुगडी मागू लागले. आत पेंढा, वर चिंध्या, त्यावर अंबाडीची दोरी: एकवीस चेंडू झाले. न येणाऱ्यांचेही केले, आणि ते चेंडू त्यांच्या घरी पोचते केले.

खेळही बदलला. चेंडू म्हणजे आपलं करडू. ते पायापासून लांब जाऊ न देता खळ्याच्या पलीकडं न्यायचं. मास्तर लांडगा. लांडग्यानं पळवलं तर तीनदा बेंबें करायचं आणि करडू परत घ्यायचं; लांडगाच चकला तर बेंबें त्यानं करायचं. पोरं आपोआप तळव्यानं चेंडू दाबायला शिकली, वळायला शिकली, अंगाआड लपवायला शिकली. आणि पोरांना आणखी हवं असतानाच मास्तर खेळ थांबवायचे; ही युक्ती त्यांची स्वतःची.

तपासणीला रघुवीरराव आले. सगुणाबाईनं त्यांचेही बूट उतरवून घेतले, तेव्हाच त्यांच्या कपाळाला आठी पडली. समोर मास्तर लांडग्यासारखे गुरगुरत पळत होते.

"गंगाधरपंत, हा कोणता विषय?"

"फुटबॉल, साहेब."

"गोल कुठं आहेत? संघ कुठं आहेत?"

"त्याला अजून तीन-चार वर्षं आहेत. सध्या पायाची आणि चेंडूची ओळख चालली आहे."

साहेबांनी पोरं मोजली. अठरा. पण साहेब जुने होते; तपासणीच्या दिवशी शेजारच्या गावची पोरं उसनी आणणाऱ्या शाळा त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. "आजच्यापुरती जमवलेली दिसतात," ते म्हणाले आणि सगळ्यांत लहान दिसणाऱ्या भिमापुढं त्यांनी कातड्याचा चेंडू ढकलला. "तू रोज येतोस ना? मग ने हा पलीकडं." आणि स्वतः वाटेत उभे राहिले.

भिमानं साहेबांच्या पोटाकडं पाहिलं, चेंडूवर तळवा ठेवला, डावीकडं झुकला आणि उजवीकडून निघून गेला. साहेब वळले तेव्हा तो पलीकडं पोचला होता.

"साहेब, बेंबें करा!" अठरा पोरं ओरडली.

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं, मिशी पुसली आणि अगदी हळू आवाजात एकदाच केलं.

"हे काही एका दिवसात शिकवलेलं नाही," म्हणत त्यांनी शेऱ्यात लिहिलं: हजर अठरा, शाळा चालू ठेवावी.

साहेबांची गाडी वळणाआड गेली, तरी खळ्याच्या कडेला गावातला चिमाजी घुटमळत उभा होता. त्याच्या बोटाला धरून एक पोर उभी होती, परकराचा ओचा खोचलेली.

"मास्तर, ही घरी रडती. पोरीला चालतंय का ह्ये?"

"न चालायला काय झालं? नाव काय हिचं?"

"साळू," ती स्वतःच म्हणाली. "आन माजं करडू कुठंय?"

मास्तरांनी आधी चिंध्या मागवल्या आणि मग पट उघडला.