लिफ्टच्या दारातली शक्ती

तळमजल्यावर लिफ्टसमोर अनवाणी माणसांची रांग लागली होती, पण वर कोणालाच जायचं नव्हतं. जो तो पुढे यायचा, लिफ्टच्या लोखंडी दाराला बोट लावायचा, "आई गं!" म्हणून ते झटकायचा आणि धन्य चेहऱ्याने बाजूला व्हायचा.

"झिणझिणलं?" शेजारी उभे असलेले बाबा विचारायचे.

"कोपरापर्यंत!"

"मग मन निर्मळ आहे तुझं. ही शक्ती माणूस ओळखते."

बाबा मूळचे वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंचे पाहुणे. जायला निघाले होते, तेवढ्यात दाराला शक्ती आली आणि बाबांचा मुक्काम वाढला. त्यांच्या पायांत मात्र जाड रबरी तळव्याचे बूट. साधनेत पाय जमिनीला लागलेले चालत नाहीत म्हणे!

सोसायटीचे खजिनदार एकदा रबरी चपला घालूनच रांगेत शिरले. त्यांना काहीच जाणवलं नाही. बाबा नुसते उसासले, पण तेवढ्याने बिचाऱ्यांची अब्रू गेली. बायकोने घरी गेल्या गेल्या खिसे तपासले. ते स्वतःही आठवत बसले, आपण नेमकं कोणतं पाप केलं?

दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना हे सगळं बघून आधी हसू आलं. मग रांगेत सासूबाई दिसल्या.

"आई, हा करंट आहे. आमच्या दवाखान्यातली खुर्ची अशीच झिणझिणायची. अर्थिंगची सुटलेली वायर वायरमनने जोडली, तेव्हा थांबलं."

"खुर्चीचं वेगळं गं. माझा गुडघा हलका झालाय."

"घरात दिवसभर बसून असता. इथे खाली येऊन चार पावलं चालता, म्हणून झालाय."

"तुला ना, दातांपलीकडे काही दिसतच नाही!"

त्याच संध्याकाळी बाबांनी जाहीर केलं, "रविवारी जलदर्शन. ओल्या अंगाने, ओल्या पायांनी दोन्ही हात दाराला लावायचे. शक्ती थेट हृदयात!"

सासूबाईंना हृदयाच्या गोळ्या चालू होत्या, आणि रांगेत पहिला नंबर त्यांचाच होता. डॉक्टरीणबाई तडक सेक्रेटरींकडे गेल्या.

"लोकांच्या भावनांचा प्रश्न आहे," सेक्रेटरी म्हणाले. "दर्शन आटपलं की दुरुस्तीचं बघू."

मग बाईंनी स्वतःच लिफ्टच्या मेकॅनिकला फोन लावला. रविवारी सकाळी तो आला. लिफ्टमध्ये कोणी नाही याची खात्री करून त्याने आधी गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जाऊन तिचा मेन स्विच बंद केला.

"इतक्यात कोणाला सांगू नका," बाई म्हणाल्या. "आणि स्विच बंदच राहू द्या."

खाली तोवर सगळ्यांनी अंगावर बादल्या रिकाम्या केल्या होत्या. बाबांनी डोळे मिटले, दोन्ही तळवे दाराला टेकवले आणि नखशिखांत थरथरले.

"अहाहा! आज शक्ती दुप्पट आहे! या आजी, या!"

सासूबाईंनी भीत भीत बोट लावलं. मग हात. मग दोन्ही हात.

"अगं, काहीच होत नाहीये!"

"होणार कसं?" बाई म्हणाल्या. "लिफ्टची वीज मघापासून बंद आहे. बाबा, तुम्ही कशाने थरथरलात?"

सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या.

"आज माझं मौन आहे," बाबा मोठ्याने म्हणाले.

खजिनदारांना असं हसू फुटलं, की त्यांना जिन्यावर बसावं लागलं.

मेकॅनिकने दाराच्या कुलपाची पेटी उघडली. दाराच्या घासण्याने आतल्या एका वायरचं आवरण निघालं होतं आणि उघडी तार चौकटीला टेकली होती. चौकटीची हिरवी अर्थिंगची वायर रंगकाम करताना कोणीतरी सोडली होती. ती पुन्हा जोडायचं राहूनच गेलं.

"ही जोडलेली असती तर वीज हिच्यातून जमिनीत गेली असती आणि स्विच लगेच पडला असता," तो म्हणाला. "ही नव्हती, म्हणून वीज तुमच्या अंगातून जात होती. ज्याच्या पायांत रबर, त्याला ती लागत नव्हती. पाय कोरडे होते म्हणून झिणझिण्यांवर भागलं. ओल्या पायांनी आज कोणीतरी जागच्या जागी गेलं असतं."

सासूबाईंनी सुनेचा हात घट्ट धरला. बाबा मात्र जिन्याने वर गेले आणि बॅग घेऊन तसेच उतरून चालते झाले.

दुपारपर्यंत वायर बदलली, अर्थिंग जोडलं, तपासलं. लिफ्ट पुन्हा साधीसुधी झाली.

बाई रांगेतल्या लोकांना एवढंच म्हणाल्या, "यंत्राला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर हात जोडू नका, हात काढून घ्या. दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नका, जाणत्या माणसाला बोलवा. आणि कोणी चमत्कार म्हणालं, तर आधी विचारा, हे होतंय कशामुळे? विचारल्याने कोणाचा जीव जात नाही. न विचारल्याने आज गेला असता."