माझं इंजिन मी बिघडवलं नाही

मी लॉरी बोलतेय. जळगाव जामोदच्या बाजारामागे, बाभळीखाली, चाकं काढून घेतलेली लॉरी. येणारेजाणारे माझ्यावर थुंकतात, म्हणून बोलते.

मी नवी कोरी आले तेव्हा वऱ्हाडात लॉऱ्या मोजक्याच होत्या. मला दोघांनी मिळून घेतलं. एक फकीर मोहम्मद, विड्याच्या पानांचे व्यापारी. दुसरा त्यांचा तरुण भागीदार इंद्रभान. तो मला चालवायचा, फकीर मोहम्मद शेजारी बसायचे. पानांच्या करंड्या घेऊन आम्ही नांदुऱ्याचं रेल्वे स्टेशन गाठायचो. कंपनीने माझ्या इंजिनाला वेग आवरणारा एक पुर्जा बसवला होता. मी सावकाश जायचे, पण वाटेत कधी बंद पडून बसले नाही.

मग दुसऱ्या एका व्यापाऱ्याची लॉरी आली. ती आमच्यावर धूळ उडवत पुढे जाई. इंद्रभानला ते फार झोंबलं. खामगावच्या एका मिस्त्रीकडून माझ्या इंजिनाचा वेग वाढवून घ्यायचं त्याने मनात घेतलं.

"नव्या इंजिनले काऊन छेडतं बे?" फकीर मोहम्मद म्हणाले. "आज पोहोचते, तशी उद्याबी पोहोचली पाह्यजे."

"पानं सुकून राह्यले, चाचा. लोकं हासून राह्यले आपल्याले."

"हासू दे. रस्त्यात बसली त काय करशीन?"

इंद्रभानने अबोला धरला. फकीर मोहम्मदांना मूलबाळ नव्हतं, त्याच्यावर त्यांचा जीव होता. शेवटी ते हो म्हणाले.

मिस्त्रीने तो पुर्जा काढून टाकला, इंजिनाचं हेड घासलं, पेट्रोल जास्त सोडलं. मी सुसाट धावू लागले. ती दुसरी लॉरी मागे पडली. इंद्रभान स्टेशनात मिशीला पीळ देत उतरायचा. चढावर मात्र माझ्या पोटात ठणठण वाजायचं, पाणी उकळायचं. फकीर मोहम्मद मुकाट्याने गार पाणी ओतायचे.

भादव्यात एका दुपारी, पाणी ओसरलेलं पूर्णा नदीचं पात्र ओलांडताना, वाळूत मी जोर लावला आणि आतलं सगळं जाम झालं. मी जागच्या जागी थांबले.

वर सातपुड्यात पाऊस झाला असावा. पाणी गढूळ झालं, चढू लागलं.

"इंद्रभान, उतर! पूर येऊन राह्यला!"

"एक डाव हँडल मारा, चाचा! एकच डाव!"

ते माझ्यासमोर वाकले. इंजिन फिरवून सुरू करायच्या हँडलला दोन्ही हातांनी झोंबले. ते हलणार नव्हतं. मला ठाऊक होतं, सांगता येत नव्हतं. लोंढा आला. इंद्रभान टपावर चढला. फकीर मोहम्मद समोरून दिसेनासे झाले.

बैलजोड्यांनी मला बाहेर ओढलं. फकीर मोहम्मदांची बायको सरवरी नदीवर आली होती. तिने सगळ्यांसमोर विचारलं, "खरं सांग इंद्रभान, इंजिनाले काही केलं होतं?"

"नाही चाची. हातबी नाही लावला. कंपनीनंच खोटी गाडी देल्ली."

सरवरीने पायातली चप्पल काढली आणि माझ्या तोंडावर मारली. "खाल्लं तुनं माह्या माणसाले!"

इंद्रभान खाली मान घालून उभा होता. लोकांना वाटलं, रडतोय.

आता त्याने नवी लॉरी घेतली आहे. परवा ती माझ्यासमोरून गेली. चढावर तिच्या पोटातही तसंच ठणठण वाजत होतं. फकीर मोहम्मद बसायचे त्या जागी, पानांच्या करंडीवर हात ठेवून, आता नवऱ्याऐवजी भागीदार झालेली सरवरी बसली होती.

माझ्यावर खुशाल थुंका. पण तुमच्यातलं कोणीतरी जा आणि त्या बाईला खाली उतरवा.