दगडी फणीवरच्या मेंदीच्या रेघा

मी एक जुनी फणी आहे. हसू नका, मित्रांनो. माझ्या दातांतून आजवर एकही केस गेलेला नाही, ऊ तर नाहीच. मी दगडाची आहे, उंबरठ्याएवढी लांब, आणि मी पाणी विंचरते.

वाळवंटातल्या तिमिमून शहराच्या अलीकडे, वाळूच्या कुशीत, अघलान नावाचं आमचं गाव आहे. वरच्या माळाच्या पोटातून एक भुयार गावात उतरतं. त्याला फोगारा म्हणतात. ना रहाट, ना मोट, ना इंजिन. जमिनीतलं पाणी आपल्या पायांनी चालत येतं आणि माझ्यापुढच्या लहानशा कुंडात उजेड बघतं. कुंडाच्या तोंडाशी मी आडवी बसलेली. माझ्या दोन दातांमधली एकेक खाच म्हणजे एकेका घराचा वाटा. ज्यांच्या वाडवडिलांनी भुयार खणताना जास्त घाम गाळला त्यांची खाच रुंद, बाकीच्यांची अरुंद. खाचेतून सुटलं की पाणी ज्याच्या त्याच्या पाटाने ज्याच्या त्याच्या बागेत जातं. खजुराच्या सावलीत जव, जवाच्या सावलीत पुदिना, आणि पुदिन्याच्या सावलीत बेडूक.

मला घडवणारा पाथरवट भलताच सावकाश होता. पहिला दात कोरला तेव्हा त्याची दाढी काळीभोर होती. शेवटचा दात कोरून झाला तेव्हा त्याचा नातू त्याची पांढरी दाढी माझ्यावरच विंचरून बघत होता. ऐन तारुण्यात मी काय काय पाहिलं ते सांगितलं तर तुम्ही खोटं म्हणाल. एकदा एका तहानलेल्या उंटाने कुंडातलं सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं. मग जमात बसली. जमात म्हणजे आमच्या गावातल्या जाणत्या लोकांची बैठक. उंटाच्या पोटातल्या पाण्याचे वाटे कसे पाडायचे यावर तिथे इतका वाद झाला, की निकाल लागेपर्यंत उंट म्हातारा होऊन मेला. पण वाटे बरोबर पडले. आमच्या गावात वाटे नेहमी बरोबर पडतात. लोक माझी शपथ घेत. "फणीची शपथ" म्हटलं की सासूसुद्धा पुढे विचारत नसे.

आता ती शपथ ऐकली की माझे दात शिवशिवतात. का, ते ऐका.

आमच्या गावचा हाज तैयब बरीच वर्षं शहरात व्यापार करून परत आला. त्याने वरच्या माळावर बोअर खणली आणि तीवर इंजिनाचा पंप बसवून टरबुजं लावली. माळ मोठा आहे, वाळवंट त्याहून मोठं आहे, पण त्याला जागा सापडली ती नेमकी फोगाऱ्याच्या उगमाजवळ. उगमाभोवती दगडांचे ढीग रचून आमच्या पूर्वजांनी एक हद्द आखली होती. त्या हद्दीत कुणी कुदळ मारायची नाही, असा आमचा जुना रिवाज. लिहिलेला नव्हता, कारण लिहायची गरजच कधी पडली नव्हती.

पंप सुरू झाला त्या दिवशी हाजने सगळ्या जमातीला जेवायला बोलावलं. कोकराचं मांस, वाफवलेल्या रव्याचा कुसकुस, वर साखरेने चिकट झालेला पुदिन्याचा चहा. माळावर बसायला चटया कमी पडल्या, म्हणून लोकांनी तिथलेच दगड ओढून घेतले. आणि मित्रांनो, ते दगड कुठले होते माहीत आहे? हद्दीचे. आमचे जाणते लोक आपल्या बापजाद्यांच्या हद्दीवर बूड टेकून जेवले, बोटं चाटली, आणि उतरताना म्हणाले, "हाज मोठ्या मनाचा माणूस आहे."

त्यानंतर माझ्यापुढचं पाणी उतरू लागलं.

तुम्ही म्हणाल, मग लोकांना कळलं कसं नाही? तेच तर. आमच्या लोकांची एक खोड आहे. पाणी कमी वाटलं की माणूस आधी शेजाऱ्याच्या पाटात डोकावतो. डोकावून बघतात तो शेजाऱ्याचं पाणीही तेवढंच उतरलेलं. मग समाधानाने घरी जातात. माझे वाटे बरोबर होते ना! सगळे सारखेच कोरडे पडत चालले की आमच्याकडे त्याला न्याय म्हणतात. आणि त्या न्यायाला नाव माझं.

कळलं एकटीला, यामनाला. तिचा नवरा वारल्याला बरीच वर्षं झाली होती. गावातले सगळे, तिच्याहून म्हातारेसुद्धा, तिला खालती म्हणत. खालती म्हणजे मावशी. तिची खाच सगळ्यांत अरुंद आणि तिचा पाट सगळ्यांत लांब. रुंद खाचेच्या घरांचं पाणी घटलं तर त्यांचा पुदिना थोडा सुकतो. यामनाचं पाणी घटलं तर ते बागेत पोचायच्या आधी वाळूच पिऊन टाकते. तिचं डाळिंबाचं झाड वाळलं. नवऱ्याने लग्नाच्या वर्षी लावलेलं झाड होतं ते. आता खजुरांच्या शेंड्यांनाही पिवळेपणा चढू लागला होता. बाग गेली असती तर यामनाला अघलानमध्ये दुसरं काही उरलं नसतं.

ती जमातीपुढे उभी राहिली. "कुणीतरी आपली खाच रुंद केली आहे," ती म्हणाली. "माझं पाणी जातंय."

बा-बरकाला बोलावलं. बा-बरका हा आमचा पाणी मोजणारा. भोकं पाडलेला तांब्याचा पत्रा घेऊन तो आला, ओल्या मातीने एकेक भोक बुजवत बसला, प्रत्येक खाच मोजली.

"खालती," तो म्हणाला, "तुझा वाटा तुला बरोबर मिळतोय."

"मग माझं डाळिंब का मेलं?"

"डाळिंबाचं आयुष्य अल्लाच्या हाती."

"आणि हाजच्या टरबुजांचं?"

लोक हसले. हाजही हसला. "खालती, या वयात पाटाच्या कडेने कशाला धावतेस? वाटा माझ्या नावावर कर. सावलीत बस. रोज एक टरबूज घरी पाठवीन."

"आणि टरबुजं सरली की?"

"मग बिया पाठवीन. भाजून खा."

पुन्हा हसले. मी दगड नसते तर त्या दिवशी चावलेच असते. दात तर होतेच. वाटे बरोबर आहेत का, एवढंच त्यांनी विचारलं होतं. पाणी किती आहे, हे विचारलंच नव्हतं! पाणी जितकं कमी, तितकी जास्त भोकं बुजवावी लागतात; बा-बरकाच्या पत्र्यावर पूर्वीपेक्षा किती जास्त बुजवावी लागली, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्याने स्वतःही पाहिलं, आणि "कमीजास्त व्हायचंच" म्हणत पत्रा पुसून काखेत मारला.

शेवटी कुणीतरी म्हणालं, भुयारात वाळू साचली असेल. मग सगळं गाव गाळ काढायला उतरलं. आमच्याकडे हे काम सगळे मिळून करतात, गाणी म्हणत. आत वाळू निघाली एक टोपलीभर, आणि एक आंधळा खेकडा, ज्याने आपल्याला उठवलं म्हणून सगळ्यांना शिव्या दिल्या. त्या दिवशी कामकऱ्यांना जेवण कुणी घातलं सांगा पाहू? हाजनेच. खाली भुयारात लोक पाण्याची वाट मोकळी करत होते आणि वर त्याचा पंप तेच पाणी ओढत होता, आणि संध्याकाळी सगळे त्याच्या ताटाला दुवा देत होते. असल्या दुवेला मी काय म्हणू? मुलांपुढे म्हणता येणार नाही.

पुढच्या शुक्रवारी पुरुष नमाजाला गेलेले असताना यामना माझ्याजवळ आली. तिच्या हातात भाचीच्या लग्नातून उरलेल्या मेंदीची वाटी होती. ती वाकली, कुंडाच्या बाजूने माझ्या मधल्या दातावर, पाणी जिथे टेकलं होतं त्याच्या अगदी काठाला, कोरड्या दगडावर तिने बोटाने आडवी रेघ ओढली. वाळेपर्यंत पदराने वारा घातला. पुढच्या शुक्रवारी दुसरी रेघ ओढली, पहिलीच्या खाली. मग तिसरी, तिच्याही खाली.

गावाला नवा विषय मिळाला.

"खालती, फणीला नवरी केलीस. नवरा कोण?"

"तू उभा राहू नकोस. तू फार पाणी पितोस."

"रेघांनी पाणी वाढतं का गं?"

"तुमच्या हसण्याने तरी वाढलंय का?"

मला लाज वाटली का? मुळीच नाही. इतक्या वर्षांत माझ्यासाठी कुणी मेंदी कालवली नव्हती. माझ्या मधल्या दातावर एक लालसर शिडी उतरत गेली, आणि त्या शिडीवरून आमचं पाणी खाली खाली चाललं होतं. ज्याला डोळे होते त्याला दिसत होतं. पण लोक आपले शेजाऱ्याच्या पाटात बघत.

मग हाजच्या मुलाचं लग्न निघालं, तिमिमूनला. हाज तसा अन्नाला उदार, पण किल्लीला कंजूष. पंपाच्या खोलीला कुलूप लावून, किल्ली कमरेला बांधून तो वऱ्हाडाबरोबर गेला. तिकडची लग्नं तुम्हाला माहीत नाहीत. ढोल थांबेपर्यंत पाहुणे परत येत नाहीत, आणि त्या लग्नात ढोलवाला झोपेतही वाजवत होता म्हणे.

पंप गप्प झाला. आणि एके दिवशी सकाळी यामना आली तर सगळ्यांत खालची रेघ दिसेना. पाण्याखाली गेली होती. तिने डोळे चोळले. बोट बुडवून चाचपलं. आरडाओरडा केला नाही. काही दिवसांनी तिच्या वरची रेघही बुडाली, तेव्हा ती बा-बरकाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"चल," ती म्हणाली. "पत्रा आणू नकोस. नुसते डोळे आण."

बा-बरका आला, बघत राहिला. "वाऱ्याने पाणी चढतं कधी कधी."

"वारा सुट्टीवर गेला नाही, बरका. पंप गेलाय."

बा-बरकाने बोट बुडवून रेघ चाचपली. मग त्याने जाऊन जमातीला सांगितलं. हाज परत आला तेव्हा सगळी जमात माझ्याभोवती बसलेली होती.

"हाज," बा-बरका म्हणाला, "जा, पंप सुरू कर."

"करणारच आहे. तुम्ही सगळे इथे काय करताय?"

"फणी बघतोय."

हाजने पंप सुरू केला, आणि तोही येऊन बसला. चहा ठेवला गेला. त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हाज येता-जाता विचारी, "काय, नवरीने घुंगट उचलला का?" लोक खाली बघत. कुणी उठून बागेत जाई, पुन्हा येऊन बसे. यामना मात्र हलली नाही. मला धीर नव्हता, मित्रांनो. दगडाला घाम येत नाही म्हणतात. मला आला होता.

आणि मग एका दुपारी हाज माझ्याकडे पाठ करून चहाचा पेला ओठाला लावत होता, तेव्हा समोरचे सगळे एकदम त्याच्या पाठीमागे बघू लागले. त्याने वळून पाहिलं. बुडालेल्या दोन रेघांतली वरची रेघ पाण्यातून डोकं काढत होती, ओली, लालबुंद.

"माझ्या जमिनीखालचं पाणी माझं आहे," हाज म्हणाला. कुणी काही विचारलेलं नसताना.

"पाण्याला विचारलंस का," यामना म्हणाली, "ते कुठे निघालं होतं?"

बा-बरका उठला. "हाज, तू जेवण दिलंस त्या दिवशी आम्ही ज्या दगडांवर बसलो, ते दगड कुठले होते?"

सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे जेवले होते.

"तुझ्या कुसकुसचा घास अजून माझ्या घशात आहे," बा-बरका म्हणाला. "चला. दगड परत ठेवायला."

त्या उन्हात, जेवढे जेवले होते तेवढे सगळे माळावर गेले आणि दगड उचलून हद्द पुन्हा रचली. पंप हद्दीच्या आत येत होता. तो उखडून काढला आणि बोअरचं तोंड बुजवलं. हाजने शहरात जायची धमकी दिली, मग गेला नाही. त्याचीही बाग माझ्याच खाचेवर आहे.

आता लोक पुन्हा माझी शपथ घेतात. "आमच्या फणीने चोर पकडला," असं पाहुण्यांना सांगतात. मला संताप येतो. मी काय पकडलं? मी तर दगड. आणि जिने बोट बुडवून पाहिलं, तिची कुणी माफी मागितली? त्या निवाड्यात डाळिंबाचं नावसुद्धा निघालं नाही.

मित्रांनो, तुमच्याही गावात विहीर असेल, ओढा असेल, तळं असेल. पाणी वाटून घेता ना, मग सावध राहा. वाटे बरोबर आहेत म्हणून झोपू नका. शेजाऱ्याच्या पाटात डोकावण्याआधी आपल्या सगळ्यांचं पाणी काल कुठे होतं ते बघा. एक रेघ ओढा. मेंदी नसेल तर कोळशाने ओढा. लोक हसतील. हसू द्या, पण ती रेघ पुसू देऊ नका.

यामनाने वाळलेल्या डाळिंबाच्या जागी नवं रोप लावलं आहे. अजूनही ती दर शुक्रवारी येते. पाणी चढलं आहे, एकेक रेघ बुडत गेली आहे. पाण्यात हात घालून ती माझ्या मधल्या दातावरच्या बुडालेल्या रेघा चाचपते आणि वर बघते.

सगळ्यांत वरची, तिची पहिली रेघ, अजून कोरडी आहे.