भिंतीकडे तोंड करून

हे कुणालाही पटणार नाही, आणि ज्याला पटेल त्याच्याशी मी बोलणं सोडेन. पण आमच्या हौशी फोटो मंडळात एका रविवारी दोरीला टांगलेल्या फोटोतली बाई आमचं ऐकून दोन पावलं बाजूला सरकली होती.

ही गोष्ट मी सांगितली ती एका नर्सबाईला. मंडळात नवी होती. आपला पहिला फोटो पाकिटात घालून आली होती आणि पाकीट छातीशी धरून वाचनालयाच्या जिन्यात बसली होती. वरच्या खोलीत थोड्याच वेळात तिचा नंबर लागणार होता, आणि तिची नजर मात्र खाली, रस्त्याच्या दाराकडे.

"इंजेक्शनं देणाऱ्या बाईनं असं घाबरायचं?" मी विचारलं.

"देताना कुठे घाबरते, काका? घ्यायची वेळ आली की घाबरते. ती खुर्ची बघून आले मी."

आता ती खुर्ची. आमचा नियम असा की ज्याच्या फोटोची चर्चा, त्यानं मागच्या कोपऱ्यात, कपाटाच्या पलीकडच्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि शेवटपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. कारण त्याचं तोंड दिसलं की लोक गोड गोड बोलतात. बाकीच्यांनी पुढे दोरीवर चिमट्यानं लावलेल्या फोटोकडे बघायचं. आधी काय आवडलं ते सांगायचं, मग काय बदलता येईल ते. नुसतं 'छान' म्हणून जो सुटू पाहील त्यानं सगळ्यांचे कप विसळायचे. आमचा शिंपी भला माणूस. पहिल्या वर्षी त्यानं इतके कप विसळले की त्याच्या बोटांत सुई ठरेना.

"बस जरा," मी म्हटलं. "माझ्या कंडक्टरची गोष्ट ऐक, मग पळायचं तर खुशाल पळ."

मी बस चालवायचो तेव्हाचा हा माझा कंडक्टर. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघांनी मिळूनच मंडळात नाव घातलं. माझे फोटो पहिल्यापासूनच असे, की लोक बघतच राहत, दोरीवरचा चिमटा काढायला विसरत. त्याचं मात्र नशीब फुटकं. एकदा मांजर टिपायला गेला तर फोटोत नुसती शेपटी आली. एकदा तळं टिपलं, तर आमचा प्लंबर म्हणाला, "उजव्या कोपऱ्याखाली बादली ठेवा, सगळं पाणी तिकडे गळतंय." लोक हसले. कंडक्टरही हसला, पण घरी जाऊन जेवला नाही.

"आणि पुढच्या रविवारी त्यानं मनाशी ठरवलं," मी नर्सबाईला सांगितलं, "की आज जर कुणालाच आपल्या फोटोत आवडण्यासारखं काही सापडलं नाही, तर कॅमेरा जावयाला देऊन टाकायचा. हे तो कुणापाशी बोलला नव्हता. बायकोपाशीसुद्धा नाही."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

"अगं, ड्रायव्हर-कंडक्टरचं असंच असतं. त्यानं घंटी मारायच्या आधी मला ऐकू यायची."

ती किंचित हसली. पाकीट छातीवरून मांडीवर आलं.

त्या दिवशीचा फोटो बायकोचा होता. वहिनी फाटकापाशी उभ्या, तोंडभर हसतायत, आणि त्यांच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलाय. तारांसकट. आम्ही बघत राहिलो. इकडे तो बिचारा भिंतीकडे बघतोय. समोर गिलाव्याचा पोपडा उडालेला, हुबेहूब उंटासारखा, पण तीनच पायांचा. मागे सगळे मूग गिळून बसलेले, म्हणून हा आपला उंटाचा चौथा पाय शोधतोय. तेवढ्यात प्लंबर म्हणाला, "वहिनींना थेट खांबावरून कनेक्शन दिलंय का?"

आणि हशा. उंट सगळा धूसर झाला.

"अरेरे," नर्सबाई म्हणाली.

"तेव्हा मी उठलो," मी म्हटलं. "म्हटलं, आधी आवडलं ते बोला. हे हसू बघा. हे कॅमेऱ्यासाठी नाही, कॅमेऱ्यामागच्या माणसाला बघून आलंय. असं हसू या दोरीवर आजवर कुणी लावलेलं नाही, आणि प्लंबर, तू तर नाहीच नाही. आता राहिला खांब. वहिनी, जरा दोन पावलं डावीकडे घ्या."

"आणि?"

"आणि घेतली. खडीवर पावलं वाजलेली मी या कानांनी ऐकली. खांब एकटा पडला. मग शिंप्याला चेव आला. तो म्हणाला, कॉलर दुमडलीय. त्यांनी सरळ केली. डेंटिस्टबाई म्हणाल्या, हनुवटी थोडी खाली, ऊन दातांवर येतंय, त्यांनी केली. शेवटी प्लंबरला फाटक तिरकं दिसलं, तेव्हा मात्र वहिनी कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, 'ते मी वर्षभर ह्यांना सांगतेय. आणखी काही? माझं दूध गॅसवर आहे.' आणि घरात निघून गेल्या. दोरीवर उरलं फाटक नि खांब."

नर्सबाई आता मनापासून हसत होती. "म्हणजे कॅमेरा जावयाकडे गेला नाही."

"जावयाचा त्याच्यावर आधीपासून डोळा होता, वाट बघून बघून शेवटी त्यानं गिटार घेतली. ती ऐकून मुलगी म्हणते, बाबांनी कॅमेरा दिला असता तर बरं झालं असतं."

वरून डेंटिस्टबाईंनी हाक मारली. "नवीन कोण आहे? या, अजिबात दुखणार नाही."

नर्सबाईनं एकदा रस्त्याच्या दाराकडे बघितलं. मग उठली, वर गेली, आपल्या हातानं फोटो चिमट्यात अडकवला. तिच्या रात्रपाळीच्या खोलीतली खिडकी होती, जरा कलती. ती मागे जाऊन कपाटाच्या पलीकडच्या खुर्चीत बसली. मी माझ्या जागेवर टेकलो. शिंप्यानं घसा खाकरला आणि प्लंबरनं मान तिरकी केली, म्हणजे आता बादली येणार.

तेवढ्यात मागून आवाज आला. नियम मोडून.

"काका."

"खुर्चीतल्यानं बोलायचं नसतं," डेंटिस्टबाई म्हणाल्या.

"एवढंच बोलते, मग गप्प बसते." ती भिंतीकडेच बघत होती. "तुमचा तीन पायांचा उंट आहे इथे. पण तो कपाटाच्या आड आहे, काका, या खुर्चीत बसल्याशिवाय दिसतच नाही. कंडक्टर कुठला? त्या दिवशी इथे तुम्हीच बसला होता."