चार ओळींची जागा

त्या सायंदैनिकाचं शेवटचं पान दुपारी एकला बंद व्हायचं. बारा पन्नासला पान लावणारी बाई पडद्यावरची नजर न काढता ओरडायची, "काका, चार ओळी!" एखादी जाहिरात आखूड निघाली तर सहा, एखादा मंत्री जास्त बोलला तर दोन. काका खिडकीपाशी उभे राहत, डाव्या हाताच्या बोटांवर मात्रा मोजत, आणि बारा सत्तावन्नला कागद बाईच्या हातात पडे. एकोणतीस वर्षं हे असं चाललं होतं. तेवढ्या काळात पाच संपादक आले-गेले, छपाईचं यंत्र दोनदा बदललं, पण उजव्या कोपऱ्यातली ती चौकट जागची हलली नाही. शहरात त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक असेल तर फक्त पोस्टमनला. बाकी सगळ्यांचे ते चौकटकाका.

आता कवी म्हटल्यावर लोकांना वाटतं, चंद्र-चांदणं आलंच. काकांनी चंद्रावर एकदाच लिहिलं होतं, तेही रस्त्यावरचे दिवे महिनाभर बंद होते म्हणून! एरवी त्यांचे विषय म्हणजे टपाल कचेरीतलं मोडकं बाक, चौकातलं बंद पडलेलं घड्याळ, औषधवाल्याच्या मुलीचा पहिला नंबर. कुणी साधं माणूस गेलं, तर त्याच्यावरही चार ओळी. बाक दुरुस्त झालं की काका गालातल्या गालात हसत. पुस्तक त्यांनी एकही काढलं नाही. कविसंमेलनवाल्यांनी त्यांना एकदा बोलावलं होतं, पण ते सूत्रसंचालकाला चार ओळी लिहून द्यायला.

मग सहावे संपादक आले. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. शुक्रवारी त्यांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं.

"काका, सोमवारपासून चौकट बंद करतोय. तिथे हवामान देऊ. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, पण नाहीतरी ती भरतीच होती ना? जागा उरायची म्हणून?"

"हो," काका म्हणाले.

खोटं कुठे होतं त्यात? सुरुवात तशीच झाली होती. पण आपल्याच तोंडून निघालेला तो 'हो' काकांना जिना उतरताना असा काही लागला की ते मधल्या पायरीवर थांबले. एकोणतीस वर्षं आपण काय केलं, तर भोकं बुजवली.

घरी त्यांनी बायकोला तसंच सांगितलं. ती निवृत्त नर्स, जिभेला धार.

"मीपण जन्मभर पट्ट्याच बांधल्या," ती म्हणाली. "त्या काय शोभेला होत्या? जेवा आता मुकाट्यानं."

काका जेवले नाहीत. शनिवारी नाही, रविवारीही धड नाही. सोमवारी बारा पन्नासला त्यांची बोटं आपोआप टेबलावर चालू लागली. बायकोनं पाहिलं आणि टोमणा न मारता चहा पुढे ठेवला, यावरून काय ते समजा.

चार वाजता पेपर आला. काकांनी सवयीनं आधी शेवटचं पान उलगडलं आणि बघतच राहिले. चौकट होती. वर 'आजच्या ओळी', खाली 'चौकटकाका', आणि मध्ये पांढरा कागद.

तेवढ्यात फोन वाजला. पान लावणारी बाई रडत होती.

"काका, माझा हात सवयीनं चालला हो. सकाळीच चौकट आखली, बाकी पान भरलं. बारा पन्नासला तुम्हाला हाकसुद्धा मारली! खिडकीपाशी कुणीच नाही. तरी वाट बघत बसले, आणि एक वाजला. हवामान तसंच राहिलं बाजूला. साहेबांनी उद्या दहाला बोलावलंय."

"रडू नकोस पोरी," काका म्हणाले. "मी येतो."

रात्रभरात त्यांनी ठरवून टाकलं. संपादकांना सांगायचं की शेवटच्या चार ओळी देतो असं मीच हिला म्हणालो होतो आणि दिल्या नाहीत. एकोणतीस वर्षांत काकांनी कधी उशीर केला नव्हता. आता तेवढं नाव गेलं तरी चालेल, पण बाईची नोकरी राहायला हवी.

मंगळवारी दहाला ते पोचले, तर कचेरीच्या खिडकीशी ही रांग! सगळ्यांच्या हातात कालचा पेपर. काकांना वाटलं, तक्रारी घेऊन आलेत, दुसरं काय! ते मान खाली घालून कडेनं सटकणार, इतक्यात रांगेतल्या एका ओळखीच्या प्लंबरनं त्यांचा दंड धरला.

"काका, बरं झालं भेटलात. बघा जमलंय का."

त्यानं पेपर पुढे केला. पांढऱ्या चौकटीत पेन्सिलीनं लिहिलं होतं:

नळ गळला तर मी येतो, पण कविता सुकली, कोण?
काकांचा जर पाइप तुंबला, करा मला हो फोन!

दुसऱ्या ओळीत एक मात्रा जास्त होती. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा ती सोडून दिली.

"काल वाटलं, तुम्ही आमच्यासाठी जागा ठेवलीत," प्लंबर म्हणाला. "मग म्हटलं, आजारी तर नाहीत?"

रांगेतल्या प्रत्येकानं चौकट भरली होती. एका शिक्षिकेनं तर पस्तीस मुलांच्या पस्तीस चौकटी आणल्या होत्या. सगळ्यात शेवटी बस कंडक्टरच्या गणवेशातली एक बाई उभी होती. तिनं पेपर पुढे केला.

सर्वांना तो वर पोचवतो, स्वतः तळाशी राही,
कितवा मजला पुसतो हसुनी, दुसरे काही नाही.
लिफ्ट आजही येते, थांबे, दार मुक्याने उघडे,
कितवा मजला पुसणारा पण आत कुणीही नाही.

"सुरेख आहे," काका म्हणाले. "तुम्ही लिहिलंत?"

"अहो, तुमचंच आहे हे! माझे बाबा सरकारी कचेरीत लिफ्ट चालवायचे. ते गेले तेव्हा तुम्ही लिहिलं होतं. एकोणीस वर्षं झाली. आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, माझ्या लेकीलासुद्धा. तिनं आजोबांना पाहिलेलंही नाही."

काकांना आठवेना. सात मिनिटांत लिहिलेल्या कुठल्याशा चार ओळी, आणि एक मुलगी आजोबांना तेवढ्यावरून ओळखत होती. त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते पुसायची तसदी घेतली नाही. अभिमान वाटला त्यांना, उघडउघड, छाती भरून येईल इतका.

संपादक केबिनच्या दारात उभे राहून सगळं ऐकत होते. काकांनी त्यांना पाहिलं आणि ठरवलेलं खोटं बोलायला तोंड उघडलं, "साहेब, कालची चूक बाईंची नव्हे. मीच त्यांना..."

"कळलंय मला," संपादक म्हणाले. "बाईंनी खरं काय ते सकाळीच सांगितलं. आता ती चूक काढायची कुणी, या रांगेसमोर?" मग कंडक्टरबाईच्या हातातला पेपर घेऊन त्यांनी त्या ओळी वाचल्या. पुन्हा एकदा वाचल्या. घाई कुठे गेली होती कोण जाणे.

पान लावणारी बाई डोळे पुसत खुर्चीत बसली. बारा पन्नास व्हायला आले तसे काका खिडकीपाशी आपल्या जागेवर गेले आणि तिच्या हाकेची वाट बघू लागले. पण आज बाईच्या आधी संपादकच त्यांच्याजवळ आले.

"काका," त्यांनी विचारलं, "तुम्हाला किती जागा हवी?"

एकोणतीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. काकांनी खिशातून पेन्सिल काढली.

"चारच ओळी," ते म्हणाले. "पुरतात."