कोयनेच्या डोहावरची काठी

मित्रांनो, मी मासे धरायची एक जुनी काठी आहे. माझा जन्म कराडच्या वर, कोयनेकाठच्या एका वेळूच्या बेटात झाला. १९४६ सालच्या माघात बनाबाईंनी मला कोयत्यानं तोडलं, चुलीच्या धगीवर शेकून सरळ केलं आणि माझ्या शेंड्याला मेण चोळलेला सुताचा दोरा बांधला. दोऱ्याच्या टोकाला लोखंडी गळ होता. लहानपणी त्या वडिलांबरोबर मासे धरायला जात, म्हणून हे सारं त्यांना येत होतं.

त्यांनी मला आपल्या नवऱ्यासाठी घडवलं. आकाराम पलटणीत होते. पेरलेले सुरुंग शोधून निकामी करणं हे त्यांचं काम. इटलीत एका सुरुंगाची स्फोटक टोपी हातातच उडाली आणि त्यांचा उजवा पंजा गेला. घरी आल्यावर नांगर धरता येईना, मोट हाकता येईना. ते सोप्यात बसून राहत. जेवायलासुद्धा दोनदा हाक मारावी लागे. बनाबाईंनी मला पुढ्यात ठेवलं, तरी त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी आढ्याला खोचलेली राहिले.

त्या साली जोंधळा हाती लागला नव्हता आणि रेशनचं धान्य पुरत नव्हतं. गावातल्या भाऊसोंकडे विहीर फोडायला आणलेली सुरुंगाची दारू होती. एके सकाळी ते चार माणसं घेऊन आले. उंबराखालच्या डोहात दारू उडवली की झाडून सारे मासे वर येतील, गावाला पोटभर मिळेल, आणि हे काम आकारामशिवाय कुणाला जमायचं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यात त्यांचा लोभ नव्हता. घराघरांत पोरं उपाशी निजत होती.

आकाराम उठून उभे राहिले. मग म्हणाले, "भाऊसो, तिकडं नदीत असंच उडवल्यालं मी बघितलंय. बोटभर पिल्लंबी मरून वर आली. पुन्हा तितं बेडूकबी दिसला न्हाई. मी न्हाई उडवणार."

"मग खायाचं काय, ते सांग की गड्या," भाऊसो म्हणाले.

थोडे दिवस थांबा, एवढंच आकाराम म्हणाले. भाऊसोंनी मान हलवली, पण दारू जपून ठेवली. माणसं गेल्यावर आकारामांनी मला स्वतः आढ्यावरून काढलं.

सुरुवातीला काहीच लागलं नाही. माघातलं पाणी गार आणि नितळ असतं. आपल्याला तळाचा खडा दिसतो, तसा माशालाही काठावरचा माणूस दिसतो. आकाराम भर उन्हात उभे राहत, पाण्यावर त्यांची सावली पडे आणि मासे खोल जात. शिवाय एका हातात मी स्थिर राहत नसे. शेवटी त्यांनी मला खडकावर टाकलं आणि ते घराकडे निघाले.

बरोबर आलेल्या बनाबाई मागून म्हणाल्या, "आवं, ह्यात तुमच्या हाताचा दोष न्हाई. ऊन उतरल्याबिगर खडस वर येत न्हाई. वाईच बसा."

खडस म्हणजे आमच्या नदीतला मोठ्या खवल्यांचा मासा. आकाराम परत फिरले. बनाबाईंनी पलटणीतल्या जुन्या चामडी पट्ट्यानं मला त्यांच्या उजव्या कोपराखाली आवळून बांधलं आणि गळाला पिकलेलं उंबर लावलं. दोघं खडकाआड बसली. सूर्य डोंगरामागं गेला, पाणी काळसर झालं आणि माझा शेंडा एकदम पाण्यात ओढला गेला.

माझ्या एका पेराला चीर गेली. पट्टा आकारामांच्या कातडीत रुतला. पण त्यांनी हिसका दिला नाही. माशाला पळू दिलं, दमू दिलं, मग डाव्या हातानं दोरा घेत हळूहळू जवळ आणला. बनाबाई कमरेएवढ्या गार पाण्यात उतरल्या आणि कल्ल्यात बोटं घालून त्यांनी खडस बाहेर काढला. तो मांडीएवढा जाड होता, सोनेरी. घरी जाईपर्यंत आकारामांनी तो पट्टा सोडू दिला नाही.

त्या माशाचे तुकडे थोड्याच घरांना पुरले, बाकीच्या घरांत नुसता रस्सा गेला. पण पुढं भाऊसोही खडकाआड येऊन बसू लागले. होळीपर्यंत बऱ्याच जणांनी वेळू तोडून काठ्या केल्या. पोटभर कुणालाच मिळालं नाही, तरी काही ना काही शिजत राहिलं. भाऊसोंची दारू शेवटी त्यांच्या विहिरीतल्या खडकाला लागली. ती आकारामांनीच उडवली, आणि वैशाखात विहिरीला पाणी लागलं.

पुढची एक-दोन वर्षं गावात माझं कौतुक झालं. मग चीर रुंदावली, नवी काठी आली आणि मी गोठ्यामागं पडून राहिले. एकोणपन्नास साली बनाबाई मला चुलीत घालायला निघाल्या होत्या. आकारामांनी मला त्यांच्याकडून घेतलं, चिरेवरून अंगठा फिरवला आणि परसात घेवड्याच्या वेलाला आधार म्हणून रोवलं. तिथंच मी उभी आहे.

मित्रांनो, मोडलं म्हणून कुणालाच टाकून देऊ नका. त्याला अजून काय जमतं, ते आधी बघा. आणि नदीकडून घ्याल तेव्हा पुढच्या साली तिच्यात काही उरेल, इतकंच घ्या.

यंदा घेवडा बरा आला आहे. शेंगांचं ओझं मला पेलतं.