खलात गेलेला हिरवा रंग

चौकशी समितीच्या अहवालाचे तिसरे कलम असे आहे: ‘संशोधक विद्यार्थिनी पूर्णिमा टेकाळे यांचा सुवर्णसंयुगाचा नमुना प्रमाणित पद्धतीने तयार करून तपासला असता अतिनील दिव्याखाली नारिंगी दिसला. थिनरच्या वाफेने त्याच्या रंगात कोणताही बदल झाला नाही. सबब, हिरव्याचा निळा होतो हा दावा बनावट असून त्यांची पीएच.डी.ची नोंदणी रद्द करावी.’

पहिली दोन वाक्ये खरी आहेत. तिसरे खोटे ठरवायला ‘तयार करून’ एवढे दोन शब्द पुरतात. काय तयार केले, कसे केले, हे अहवालाच्या अकरा पानांत कुठेही नाही.

बाहेरचा सदस्य म्हणून मला समितीवर घेतले तेव्हा निष्कर्ष टंकलिखित झालेले होते. माझी फक्त सही उरली होती. सहीपूर्वी मी पूर्णिमाची नोंदवही मागितली. अध्यक्ष डॉ. जयसिंग काकडे यांनी ती अत्यंत सौजन्याने दिली, आणि वाचण्याइतके त्यात काही नसल्याचेही सांगितले.

मी आयुष्यात पुष्कळ वाचले आहे. इतके प्रामाणिक फार थोडे वाचले. हिंगोलीहून आलेल्या, वारज्यात तिघींत एक खोली घेऊन राहणाऱ्या या मुलीने चार वर्षांतला प्रत्येक फसलेला प्रयोग तारखेसह लिहून ठेवला होता. तिचा भाऊ साईनाथ भोसरीत गाड्यांना रंगाचे फवारे मारतो. रंग पातळ करायच्या थिनरने डोके भणभणू लागते, तोवर ते बरेच फुप्फुसात गेलेले असते. त्याच्या खिशाला लावता येईल, वाफ वाढताच रंग बदलून सांगेल अशी कागदी पट्टी तिला हवी होती. तिच्या स्फटिकांत सोन्याचे अणू एकमेकांना न धरता, पण अगदी जवळ उभे असतात. त्यांच्यातल्या अंतरावर प्रकाशाचा रंग ठरतो. वाफेचे रेणू मध्ये शिरले की अंतर बदलते आणि हिरव्याचा निळा होतो. एवढी नाजूक गोष्ट तिने फुटक्या बशीत, उसन्या दिव्याखाली साधली होती. एकसष्टाव्या पानावर तिने अधोरेखित केले होते: ‘चमच्यानेही दाबू नये. दाबल्यास नारिंगी होतो, मग वाफ घेत नाही.’

डॉ. काकडे कोणताही घन पदार्थ आधी अकीक दगडाच्या खलात घोटतात. तीस वर्षांची शिस्त आहे. न घोटलेला नमुना त्यांना न आंघोळलेल्या माणसासारखा वाटतो, असे त्यांचे विद्यार्थी कौतुकाने सांगतात.

पुढची बैठक मी प्रयोगशाळेत मागितली. पडदे ओढले गेले. पूर्णिमाने गाळणकागदावर चिमूटभर स्फटिक पसरून दिवा धरला. हिरवा. थिनरचा बोळा शेजारी ठेवून तिने वर काचेचे भांडे पालथे घातले. मिनिटभरात कडेपासून निळा रंग आत सरकत गेला, आणि तीन सदस्य नकळत खुर्च्यांवरून पुढे झुकले.

‘अगं, सोनं चमकतं हे सराफही सांगेल,’ काकडे म्हणाले. ‘आम्ही इथे मोजमाप करतो.’

‘हो सर,’ ती म्हणाली. तिचा आवाज सरळ होता. हात मात्र तिने पाठीमागे घेतले होते. तिने दुसरी चिमूट खलात टाकली आणि खल त्यांच्यापुढे सरकवला. ‘आता आपल्या पद्धतीने करावं.’

त्यांनी नेहमीच्या निष्ठेने घोटले. दिव्याखाली पूड नारिंगी झाली. बोळा, भांडे, पाच मिनिटे. नारिंगीच. तिने फक्त बोळा उचलून बाजूला ठेवला. समितीसमोर जिंकत असताना गप्प राहणे किती अवघड आहे, हे मी स्वतःवरून जाणतो.

चूक मी माफ केली असती. सवयीची चूक कोणाकडूनही होते. म्हणून मी काकडे यांना एकच विचारले: अहवालासाठी तपासणी केली त्या दिवशी खलात टाकण्यापूर्वी आपण नमुन्यावर दिवा धरला होता का?

 त्यांनी जे उत्तर दिले, त्यानंतर नोंदणी रद्द करण्याचा प्रस्ताव मताला टाकायची गरज उरली नाही. सर्वांच्या सह्यांनी ती फाइल बंद झाली आणि पूर्णिमाचे काम त्याच दुपारी पुढे सुरू झाले. उत्तर इतिवृत्तातून जसेच्या तसे उतरवतो:

‘धरला होता. हिरवा होता. पण न घोटलेल्या नमुन्याचं निरीक्षण मी निरीक्षण मानत नाही, म्हणून लिहिलं नाही.’